कऱ्हेकाठचा माळ

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात मध्यरात्रीनंतर मालमोटारींच्या ज्या रांगा लागतात, त्यांतील पुष्कळ गाड्या पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या अवर्षणग्रस्त मुलखातून घाट उतरून आलेल्या असतात; आणि त्यांतला माल उतरविणाऱ्या माथाडींपैकी अनेकांचे मूळ गावही घाटापलीकडचेच असते. तरीही या मुलखाविषयी शहरात जे बोलले जाते, ते दुष्काळाच्या, टँकरच्या आणि स्थलांतराच्या भाषेत. तेथे पाहण्यासारखे, पायी हिंडण्यासारखे आणि हिंडून पुन्हा जावेसे वाटण्यासारखे काही असेल, ही कल्पना सहसा कोणाला शिवत नाही. भटकंतीची हौस असलेला तुर्भेकर शनिवारी निघतो तो किल्ल्यांकडे आणि धबधब्यांकडे. घाट ओलांडून पुढे, जेथे झाड विरळ आणि आकाश अफाट, अशा उतरत्या पठारावर थांबावे असे त्याला वाटत नाही. मी मात्र सवड मिळाली की त्याच दिशेला जातो. कऱ्हा नदीच्या खोऱ्यातील ज्या माळांना सरकारी दप्तराने ‘पडीक’ ठरविले, ते माळ पडीक नाहीत, कधी नव्हते, आणि त्यांचे उघडेपण हेच त्यांचे वैभव आहे, हे चालता चालता माझ्या ध्यानात जसजसे येत गेले, तसतसे ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

तुर्भ्याच्या पाठीशी पारसिकची डोंगररांग आणि पुढ्यात ठाण्याची खाडी. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या ऐन वाटेवर असलेल्या या पट्टीत वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. हेच वारे पुढे सह्याद्रीवर चढताना थंड होतात, आपले बहुतेक जलधन घाटमाथ्यावर रिते करतात आणि पलीकडे उतरताना तापून कोरडे होत जातात. त्यामुळे रस्त्याने उणेपुरे दोनशे किलोमीटर अंतर कापून बारामती तालुक्यातील सुपे या गावी पोचावे, तो पावसाचे मान पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तुर्भ्याच्या पाचव्या हिश्श्यावर आलेले असते, आणि तेवढेही दरसाल पदरात पडेल याची शाश्वती नसते. येथे वाळूचे टिब्बे नाहीत. राजस्थानात जैसलमेर-बाडमेरच्या सीमेवर ३,१६२ चौरस किलोमीटर पसरलेले जे मरुभूमीचे राष्ट्रीय उद्यान आहे, तसले अफाट वैराण्यही येथे नाही. परंतु त्या मरुभूमीत नांदणारी जी प्राणिसृष्टी, म्हणजे चिंकारा, खोकड, लांडगा, पखुर्डी आणि धाविक, तीच येथे दख्खनच्या काळ्या पाषाणावर नांदताना दिसते. पाण्याच्या दुर्भिक्ष्याशी जुळवून घेण्याची जी विद्या थरच्या वाळूत उपयोगी पडते, ती कऱ्हेकाठच्या मुरमातही तितकीच उपयोगी पडते.

जाण्याची वाट सोपी आहे. पुण्याहून हडपसरमार्गे दिवेघाट चढावा, सासवडला उतरावे आणि मग कऱ्हेची सोबत धरावी. पुरंदर तालुक्यात गराड्याच्या परिसरात उगम पावणारी ही नदी सासवड, जेजुरी, मोरगाव अशी गावे घेत बारामतीवरून पुढे जाऊन नीरेला मिळते. आचार्य अत्र्यांचा जन्म याच नदीच्या प्रदेशात, सासवडजवळच्या कोडीत गावी १८९८ साली झाला आणि आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिले, ही गोष्ट प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण ती नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते, तिच्या पात्रात वाळू, गोटे आणि मध्ये मध्ये एखादा हिरवट डोह यांपलीकडे काही नसते, हे तिच्या काठाने चालल्यावाचून उमजत नाही. जेजुरीजवळच्या नाझरे धरणाच्या पुढे तर तिचे पात्र अधिकच दीन दिसू लागते. अष्टविनायकांतील पहिल्या गणपतीचे, मयूरेश्वराचे, मोरगाव या नदीच्या काठी आहे. भाविक दर्शन घेऊन मोटारीत बसतात आणि पुढच्या गणपतीकडे जातात. ज्याला माळ पाहायचा आहे त्याने मोरगावातच मुक्काम करावा, पहाटे अंधार असतानाच निघावे, आणि सुप्याच्या रोखाने, गाडीरस्ता सोडून ओढ्याकाठच्या पायवाटेने चालू लागावे.

फाल्गुनातली पहाट या भागात चांगलीच गार असते. उजाडू लागले की भोवतालच्या भूमीचा आकार हळूहळू उलगडतो: दोन्ही अंगांना सपाट माथ्यांच्या बोडक्या टेकड्या, मधून उतरत आलेली रुंद, उथळ दरी, आणि त्या दरीत लवणालवणांतून फिरत गेलेले ओढे. ओढ्याच्या काठाला काळ्या मातीची चिंचोळी पट्टी असते, तेथे ज्वारीची काढणी चाललेली असते. त्या पट्टीच्या वर दोन पुरुष चढले न चढले तोच मुरूम लागतो आणि मुरमाखाली खडक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून जे पठार तयार झाले, त्याची ही झिजलेली पाठ आहे. तिच्यावर मातीचा थर कोठे वीतभर, कोठे बोटभर. अशा जमिनीत मोठे झाड मूळ धरू शकत नाही. गवत मात्र धरते. पवन्या, मारवेल, डोंगरी आणि कुसळी या गवतांचे वाळलेले, सोनेरी-तांबूस ताटवे वाऱ्याबरोबर एका दिशेला लवतात आणि चालणाऱ्याच्या पायजम्यात कुसळांचे इतके दाट विणकाम करून ठेवतात की, दुपारी सावलीत बसून ती वेचणे हा त्या प्रवासाचा एक नित्य विधीच होऊन बसतो. मधून मधून हिवर, बाभूळ, बोर, खैर, एखादे हिंगणबेट. उतारावर तरवडाची पिवळी झुडपे. आणि जेथे पाणी जरासे मुरते तेथे पानावाचून नुसता फुलांनी पेटलेला पळस.

या भूमीला ‘पडीक’ ही पदवी कशी मिळाली, याची हकीकत येथून फार दूरची नाही. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर ज्या सुपे परगण्याचे नाव येते, तो हाच मुलूख. आणि पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजी अंमलात मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाची जी रयतवारी पाहणी झाली, तिची घडी बसली ती शेजारच्या इंदापूर तालुक्यात. प्रिंगल या अधिकाऱ्याने आधी केलेली आकारणी रयतेला झेपेना, शेतकरी गावे सोडून जाऊ लागले, तेव्हा १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्याने मोजणी आरंभिली, आणि तीच पद्धत पुढे इलाखाभर लागू झाली. जमिनीची प्रत ठरवायची ती मातीच्या खोलीवरून आणि रंगावरून. जिच्यातून महसूल निघेल ती जमीन जिराईत किंवा बागाईत, आणि जिच्यातून निघणार नाही ती पोटखराब, पडीक, फार तर गायरान. महसूल बसविणाऱ्याच्या दृष्टीने ही प्रतवारी चोख होती, रयतेला तिने दिलासाही दिला, आणि त्या दोघांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु दप्तरातली ती नोंद पुढे महसुलापुरती राहिली नाही. ज्या जमिनीवर आकार बसत नाही तिच्यात काही नाही, असा समज तिच्यामागून रुजला. स्वतंत्र भारतातही ‘उजाड जमिनींच्या’ याद्यांत असे विस्तीर्ण तृणप्रदेश घातले गेले, आणि उजाड म्हणून ते कोणत्याही कामाला मोकळे ठरले.

त्या उजाडपणाची पहिली साक्ष बहुधा चिंकारा देतो. तो दिसतो असे म्हणण्यापेक्षा तो आपल्याला पाहतो आणि मग आपल्याला कळतो असे म्हणणे अधिक खरे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली मुख्यतः त्याच्यासाठीच जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यातील अगदी लहान अभयारण्यांत त्याची गणना होते. चिंकाऱ्याला अर्थातच अभयारण्याची हद्द ठाऊक नसते, आणि भोवतालच्या शिवारांत, गायरानांत, ज्वारीच्या कडेने तो मोकळेपणी हिंडतो. मी प्रथम त्याला नीट पाहिले ते एका हिवराखाली. खांद्यापाशी दोन फुटांच्या थोडे वर, वजनाने वीस-पंचवीस किलोंचा, अंगाचा रंग तांबूस, मुरमाचाच. पोटाखालचा शुभ्र भाग आणि पाठीचा तांबूस रंग यांच्या सीमेवर एक गडद छटा. डोळ्यापासून नाकापर्यंत दोन्ही बाजूंना उतरलेली तांबडी-काळी रेघ. आणि वळ्यावळ्यांची, जवळजवळ सरळ, टोकाशी किंचित पुढे झुकलेली शिंगे. सारे शरीर निश्चल होते. फक्त काळे, आखूड शेपूट एखाद्या लंबकासारखे अखंड हलत होते, आणि त्या हालचालीनेच माझी नजर तिकडे वळली होती. मी पाऊल उचलताच त्याने पुढचा खूर जमिनीवर आपटला, नाकातून शिंकेसारखा तीव्र आवाज काढला, आणि ज्या ठिकाणी मला एकच प्राणी दिसत होता तेथून तिघे उठून उतारावरून निघून गेले. पळताना ते फार दूर जात नाहीत; दोन-तीनशे पावलांवर थांबून मागे वळून पाहतात. काळविटासारखे मोठे कळप चिंकारा करीत नाही. एकटा, जोडीने, फार तर चार-पाच जणांनी राहतो, कारण विरळ पाल्यावर जगणाऱ्याला गर्दी परवडत नाही. माद्यांनाही शिंगे असतात, पण बारीक. पाण्यावाचून तो दीर्घकाळ राहू शकतो. पाला, बाभळीच्या शेंगा, बोरे यांतला ओलावा आणि पहाटे पानांवर साचलेले दव यांवर त्याचे बरेचसे भागते. उन्हाळ्यात वनखाते पाणवठ्यांत पाणी सोडते तेव्हा तो तेथे येतो खरा, परंतु त्याच्या देहाची रचना पाणवठा नसलेल्या भूमीसाठी झालेली आहे.

अभयारण्यात वनखात्याच्या नियमांनी आणि ठरलेल्या वाटांनी जावे लागते, आणि ते योग्यच आहे. भोवतालच्या माळावर मात्र पायी हिंडणे हाच पाहण्याचा खरा मार्ग. माझ्याबरोबर सुप्याकडचे एक वृद्ध मेंढपाळ होते, ज्यांना सारे गाव ‘तात्या’ म्हणत असल्याने मीही तेच म्हणत होतो. मी उतावीळपणे पुढे निघालो की ते मागून हळू आवाजात म्हणत, “पावनं, वाऱ्याच्या अंगानं नगा जाऊ. वास लागतो त्याला. वळसा घ्या, आन् थांबत थांबत चला.” वारा तोंडावर घेऊन चालावे, क्षितिजावर आपली आकृती उठेल अशा टेकडीच्या माथ्यावर उभे राहू नये, आणि चालण्यापेक्षा थांबणे अधिक असावे, हे तीन नियम त्यांनी मला शिकविले, आणि ग्रंथांतून वाचलेल्या कितीतरी गोष्टींपेक्षा ते अधिक फळाला आले.

थांबल्यावर माळ बोलू लागतो. प्रथम डोंबारी चंडोल: चिमणीएवढा पक्षी, नराचे पोट काळे, डोके राखी. तो सरळ वर चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली कोसळतो, जमिनीला टेकणार तोच पुन्हा उचलला जातो, आणि असे कितीतरी वेळा. मग मुरारी चंडोल, मग तितरांची एकमेकांना दिलेली साद. मुरमावर एक दगड हलल्याचा भास झाला, तो धाविक निघाला. लांब पायांचा, वाळक्या मातीच्या रंगाचा, डोळ्यांवरून पांढरा-काळा पट्टा गेलेला हा पक्षी चार-सहा पावले झरझर धावतो, ताठ उभा राहतो, वाकून काहीतरी टिपतो आणि पुन्हा धावतो. उभा असताना दिसतो, बसला की नाहीसा होतो.

माळटिटवीने तर माझे पाऊल हवेतच थांबविले. ती डोक्यावरून घिरट्या घालीत कर्कश ओरडू लागली, आणि तात्यांनी माझा दंड धरला. माझ्या पावलापासून हातभर अंतरावर, मुरमाच्या खड्यांत, टोके आत वळवून ठेवलेली चार अंडी होती. घरटे नव्हतेच, खड्यांचे एक नाममात्र कडे होते. अंड्यांचा रंग पिवळट मातकट, त्यांवर तपकिरी-काळे ठिपके, आणि भोवतालच्या खड्यांचा रंगही नेमका तोच. चैत्र-वैशाखात दुपारी ही जमीन अनवाणी पाय ठेववणार नाही इतकी तापते, आणि तेव्हा ऊब देण्यापेक्षा अंडी थंड राखणे हेच पक्ष्याचे काम होऊन बसते. त्यासाठी टिटवी पाण्यावर जाते, पोटाखालची पिसे भिजवते, आणि येऊन ती ओली पिसे अंड्यांवर धरून बसते. आम्ही आल्या पावली मागे सरलो आणि ती उतरून आपल्या जागी बसेपर्यंत दूर उभे राहिलो.

अशाच युक्तीचा आणखी विलक्षण प्रयोग पखुर्डी करतात. हे पक्षी कोरडे बी खाऊन राहतात, त्यामुळे त्यांना दररोज पाणी लागते, आणि त्यासाठी त्यांची वेळ ठरलेली असते. सूर्य वर येऊन ऊन जरा चढले की एका पाझर तलावाच्या काठी जाऊन बसावे. थोड्या वेळाने आकाशात दुरून दुपदरी, घोगरट साद ऐकू येते, आणि टोकदार पंखांची, वेगवान पाखरे जोडीजोडीने, लहान थव्यांनी येऊ लागतात. ती थेट पाण्यावर उतरत नाहीत. थोड्या अंतरावर उघड्या जमिनीवर उतरतात, मान उंचावून सभोवार पाहतात, मग एकदम पाण्याकडे चालत जातात, काही क्षणांत पाणी पितात आणि उडून जातात. पिल्लांच्या दिवसांत नर पाण्यात पोट बुडवून बसतो. त्याच्या पोटाच्या पिसांची घडण अशी की, ती पाणी शोषून धरतात, आणि कोसकोस दूर असलेल्या पिल्लांपर्यंत ते तो तसेच घेऊन जातो. पिल्ले त्याची पिसे चोचीत धरून पाणी पितात. ज्या भूमीत पाण्यासाठी माणसाला टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे चिमुकले पाणक्याचे काम एक पाखरू सहस्रावधी वर्षे निमूटपणे करीत आले आहे, हे आठवले की माझे मन अजूनही भरून येते.

हिवाळ्यात आलेल्या पाहुण्यांपैकी भोवत्या अजून गेलेला नव्हता. मध्य आशियातील गवताळ मैदानांतून कार्तिकात येणारा हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून, पंख किंचित उचलून धरून, सावकाश तरंगत जातो आणि मध्येच कलंडून गवतात उतरतो. नाकतोडे, टोळ, लहान पाखरे हे त्याचे अन्न. रात्री तो झाडावर बसत नाही; अनेक भोवत्ये मिळून उघड्या माळावर, गवतातच, झोपतात. म्हणजे जेथे गवत नाही तेथे त्यांना रात्र काढायलाही जागा नाही. ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे थवे उतरत होते. त्याही उत्तरेकडे परतण्याच्या तयारीत होत्या.

उन्हाळ्याची चाहूल मात्र सर्वांआधी सरड्यांना लागते. या पठारावरचे पंखगळी सरडे वर्षभर मातीच्या रंगाचे, कोणाच्या लक्षात न येणारे. फाल्गुन-चैत्रात नराच्या गळ्याखाली निळ्या, काळ्या आणि नारिंगी रंगांची एक घडी उमलते. तो एखाद्या उंच दगडावर चढतो, पुढचे पाय ताठ करतो आणि ती घडी फडकन उघडून मिटतो, उघडून मिटतो. उन्हात तो निळा रंग धातूसारखा चमकतो. आम्ही बसलो होतो तेथून दिसणाऱ्या प्रत्येक मोठ्या दगडावर असा एकेक नर होता, आणि एकाने दुसऱ्याच्या दगडावर पाय ठेवताच लढाई जुंपत होती. शास्त्रज्ञांनी २०१६ साली दख्खनच्या या सरड्यांचा एक स्वतंत्र वंश निश्चित केला आणि त्याला लॅटिन नामावळीत ‘सरडा’ हेच मराठी नाव दिले.

दुपार तात्यांच्या मेंढवाड्यावर काढली. येथील धनगर समाजातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात, कोकणात शेतकऱ्यांच्या वावरांत मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसा घेतात, आणि पावसाआधी परततात. ज्यांची मेंढरे थोडी आणि वय झालेले, ते मागे राहतात. वाघरीच्या जाळ्यात कोंडलेली कोकरे, कडेला दोन कुत्री, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी. लांडग्याचा विषय मी काढला. गेल्या पावसाळ्यात त्याने आपली दोन कोकरे नेली, असे तात्यांनी सांगितले, आणि पुढे म्हणाले, “नेतो की. त्याचा बी वाटा हाय. पर माणसावर कधी आला न्हाई.” हे उदारपण प्रत्येक मेंढपाळाच्या ठायी असते असे मी म्हणणार नाही, कोकरू हे त्याचे भांडवल आहे, आणि नुकसानभरपाईसाठी पंचनामा, अर्ज, खेपा यांचे लचांड त्याला झेपत नाही. तरीही भारतातले लांडगे, ज्यांची संख्या सुमारे तीन हजारच मानली जाते आणि ज्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे वाघाइतकेच संरक्षण आहे, ते आज बहुतांशी अभयारण्यांबाहेर, अशाच मेंढपाळांच्या शेजारी राहून टिकले आहेत. सायंकाळी, ऊन उतरल्यावर, ओढ्यापलीकडच्या उतारावर मला एक दिसला: लांब पायांचा, कृश, करडा-पिवळट, मान खाली घालून एका लयीत चालणारा. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले, वेग बदलला नाही, आणि घळीत उतरून गेला. त्याला खरी भीती बंदुकीची आता उरलेली नाही. गावातल्या मोकाट कुत्र्यांची आहे. ती चिंकाऱ्याच्या पाडसांचा पाठलाग करतात, लांडग्यांना रोग देतात, आणि पुण्याच्या परिसरात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्धही झाले आहे.

दुसरे संकट अधिक दुःखदायक, कारण ते सदिच्छेने आले. उघडा माळ दिसला की तेथे झाडे लावावीत, असे आपल्या सर्वांना वाटते. शाळेत आपल्याला तेच शिकविलेले असते. म्हणून या गवतावर सलग समतल चर खणले गेले, गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांची रोपे लावली गेली, आणि कोठे वेडी बाभूळ आपणहून पसरली. अभयारण्यालगत मी अशा एका जुन्या लागवडीतून चाललो. गिरिपुष्पाच्या सावलीत गवत नव्हते. गवत नाही म्हणून नाकतोडे नव्हते. चंडोल नव्हता, धाविक नव्हता. ती हिरवी पट्टी माळापेक्षा कितीतरी अधिक निर्जीव होती. येथे पूर्वी घनदाट अरण्य होते आणि माणसाने ते तोडून उजाड केले, हा समजही आता टिकण्यासारखा नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी वाङ्मयातील, चरित्रांतील आणि लोकगीतांतील वनस्पतींचे उल्लेख गोळा केले, आणि पश्चिम महाराष्ट्रातील हे गवताळ, विरळ काटेरी झाडांचे माळ निदान साडेसातशे वर्षांपासून असेच आहेत असे दाखविले. महसुली मोजणीच्या कितीतरी आधी, यादवकाळातही, कऱ्हा-नीरेच्या या प्रदेशात गुराखी आणि मेंढके याच गवतावर आपली जनावरे चारीत होते. मला वाटते, या माळासाठी करण्यासारखे पहिले काम म्हणजे तेथे खड्डा न खणणे. दुसरे, चराईचा जुना, पाळीपाळीने फिरण्याचा शिरस्ता मेंढपाळांशी बोलून पुन्हा बसविणे.

चांगली सुरुवातही झाली आहे, आणि तीही याच टापूत. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथील माळांवर गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली असून तिची व्यवस्था पाहण्यात स्थानिक तरुण वाटाडे म्हणून सहभागी आहेत. ज्या मोजणीने या जमिनीला पडीक ठरविले ती जेथे आरंभिली, त्याच इंदापुरात लांडगा आणि खोकड पाहण्यासाठी लोक आता दूरवरून पैसे खर्चून येतात.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम; भोवत्ये आणि भोरड्या पाहायच्या तर होळीच्या आत जावे, सरडे पाहायचे तर होळीनंतर. फाल्गुनाच्या अखेरीपासून जमिनीवर अंडी असतात, तेव्हा मळलेली वाट सोडू नये. मातकट रंगाचे जाड कपडे, पायांत घोट्यापर्यंतचे जोडे, दुर्बीण, आणि माणशी निदान तीन लिटर पाणी, कारण वाटेत सावली मिळेल, पाणी मिळणार नाही. मोरगावात मुक्कामाची सोय होते. सुप्यात जेवण मिळते. सकाळी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर, एवढेच पाहण्याचे तास. मधला वेळ सावलीत काढावा. कुत्रे बरोबर नेऊ नये, मोटार गवतात घालू नये. आणखी एक दिवस हाताशी असेल तर दौंड-श्रीगोंद्यावरून कर्जत तालुक्यातील रेहेकुरीला जावे. १९८० साली काळविटांसाठी राखलेले हे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे, पण तेथे काळवीट बहुधा पहिल्या तासातच दिसतो, आणि चिंकाऱ्याच्या एकलकोंड्या स्वभावानंतर त्याचे कळप पाहणे ही वेगळीच गोष्ट आहे. सोलापूरजवळचे नान्नज त्याच्याही पुढे. १९७९ साली माळढोकासाठी ते राखले गेले. आज तेथे माळढोक दिसेल अशी आशा धरून जाऊ नये, परंतु गवत अजून आहे, लांडगे आहेत, आणि डिसेंबरात भोवत्ये तेथे संध्याकाळी मोठ्या संख्येने उतरतात.